उन्हात उभी राहणारी गाडी आणि तिची बॅटरी : नागपूरहून आलेल्या एका प्रश्नाचे उत्तर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. चार वर्षे वापरलेली एक इलेक्ट्रिक गाडी आपण नागपुरात दुसऱ्या मालकाकडून घेतली. तिचा बॅटरी पॅक ३० युनिटांचा आहे, सेल लोह-फॉस्फेट म्हणजे एलएफपी रसायनाचे आहेत आणि पॅक कूलंटने, म्हणजे आत फिरणाऱ्या गार द्रवाने, थंड होतो. डिसेंबरात पूर्ण चार्जवर साधारण २१० किलोमीटर चालणारी गाडी मे महिन्यात १६० किलोमीटरवर आली. ती रोज आठ-नऊ तास कार्यालयाच्या उघड्या आवारात उन्हात उभी असते, आणि जवळच्या मेकॅनिकने ‘बॅटरी उतरली’ असे सांगून टाकले आहे. बॅटरी खरोखर खराब झाली आहे का, उन्हाने ती किती झिजते आणि आता काय करावे, हे आपल्याला हवे आहे. गेली अनेक वर्षे माझे काम असे पॅक तपासण्याचे आणि उघडण्याचे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सर्वांत आधी दोन गोष्टी वेगळ्या करू या. गाडीची रेंज कमी होणे आणि बॅटरीची क्षमता कमी होणे या एक नव्हेत. क्षमता म्हणजे पॅकमध्ये किती युनिट वीज मावते. रेंज म्हणजे ती वीज संपेपर्यंत गाडी किती धावते. डिसेंबर ते मे या पाच महिन्यांत एखाद्या धडधाकट पॅकची क्षमता जवळजवळ चौथ्या भागाने घटणे ही अत्यंत दुर्मीळ घटना आहे, आणि तसे झाले तर गाडी डॅशबोर्डवर इशारा दिल्याशिवाय राहत नाही. उलट मे महिन्यात रेंज चौथ्या भागाने घटणे ही विदर्भात दरवर्षीची गोष्ट आहे, आणि तिचे बहुतेक कारण एसी आहे.

हिशेब करून पाहा. शहरात गर्दीच्या वेळी सरासरी वेग ताशी २५ किलोमीटर धरला तर १०० किलोमीटरला चार तास लागतात. बाहेर ४४ अंश असताना एसीचा कॉम्प्रेसर आणि पंखा मिळून सरासरी दीड किलोवॅट घेत असतील, तर त्या चार तासांत ६ युनिट केवळ गारव्यावर खर्च होतात. गाडी पुढे नेण्यासाठी १०० किलोमीटरला १२ युनिट लागत असतील तर एकूण खर्च १८ युनिटांवर गेला, म्हणजे दीडपट झाला. शिवाय त्याच कॉम्प्रेसरला अनेक गाड्यांत बॅटरीचे कूलंटही थंड करावे लागते. डिसेंबरात यातले जवळजवळ काहीच लागत नव्हते. आपली घट यापेक्षा कमीच आहे, कारण आपला काही प्रवास मोकळ्या रस्त्यावरचा असणार. तेव्हा रेंजच्या आकड्यावरून बॅटरीची परीक्षा करू नका.

परीक्षा करायची तर ती युनिटांची करा, आणि ती घरी होऊ शकते. चार्ज १० टक्क्यांवर आला की गाडी सावलीत, एसी बंद ठेवून, घरच्या स्लो चार्जरला लावा आणि १०० टक्के होऊन चार्जिंग आपोआप थांबेपर्यंत हलवू नका. चार्जरच्या आधी एक साधा सब-मीटर बसवून घ्या. इलेक्ट्रिशियन तो तासाभरात बसवून देतो. मीटरवर आलेल्या युनिटांपैकी सर्वच पॅकमध्ये पोहोचत नाहीत, कारण घरातल्या उलटसुलट वाहणाऱ्या (एसी) विजेचे बॅटरीला लागणाऱ्या एकदिश (डीसी) विजेत रूपांतर करताना आणि पंप-पंख्यांवर काही वीज जाते. साधारण ८५ ते ९० टक्के आत पोहोचते असे धरायला हरकत नाही. समजा मीटरने २७ युनिट दाखवले. त्यांचे ८८ टक्के म्हणजे पावणेचोवीस युनिट आत गेले. ते ९० टक्के भागाचे आहेत, म्हणजे संपूर्ण पॅक सुमारे २६.४ युनिटांचा. ३० च्या तुलनेत हे ८८ टक्के झाले. या आकड्याला दोन-चार टक्के इकडेतिकडे धरावे, कारण ३० युनिटांपैकी काही भाग उत्पादक राखून ठेवतो आणि तो चालकाला वापरता येत नाही. म्हणूनच या चाचणीचा खरा उपयोग एका आकड्यात नसून दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच चार्जरवर, त्याच पद्धतीने घेतलेल्या आकड्यांच्या तुलनेत आहे.

एलएफपी पॅकच्या बाबतीत आणखी एक खाचखळगा आहे. या सेलचा विद्युत-दाब, म्हणजे व्होल्टेज, २० टक्क्यांपासून ९० टक्क्यांपर्यंत जवळजवळ सपाट राहतो, ३.२ ते ३.३ व्होल्टच्या आसपास. त्यामुळे नुसता दाब पाहून आत किती वीज शिल्लक आहे हे गाडीतल्या बीएमएसला, म्हणजे बॅटरीवर देखरेख ठेवणाऱ्या यंत्रणेला, ओळखता येत नाही. ती आत-बाहेर जाणारा प्रवाह मोजून हिशेब ठेवते, आणि त्या हिशेबात रोजची थोडी थोडी चूक साचत जाते. पूर्ण चार्ज झाल्यावर दाब एकदम चढतो, तेव्हा बीएमएसला खूण सापडते आणि हिशेब पुन्हा जुळतो. आधीच्या मालकाने महिनोन्‌महिने गाडी ७०-८० टक्क्यांवरच काढून घेतली असेल तर डॅशबोर्डवरची टक्केवारीच खोटी असू शकते. माझ्याकडे ‘१८ टक्क्यांवरून गाडी एकदम ४ टक्क्यांवर येते’ अशी तक्रार घेऊन आलेल्या एलएफपी गाड्यांपैकी कित्येक केवळ तीन-चार वेळा सलग पूर्ण चार्ज केल्यावर सरळ झाल्या आहेत. आपणही वरची चाचणी करण्यापूर्वी हे करून घ्या.

आता उन्हाकडे येतो, कारण आपली काळजी रास्त आहे. उन्हाने बॅटरी झिजते हे खरेच आहे. फक्त ती कशी आणि कधी झिजते याबद्दल लोकांचे समज बरेच चुकीचे असतात.

लिथियम-आयन सेलमध्ये ग्राफाइटचे ऋणाग्र (उणे टोक) असते आणि त्याच्याभोवती इलेक्ट्रोलाइट नावाचा द्रव असतो. चार्ज झालेल्या ग्राफाइटला हा द्रव रासायनिकदृष्ट्या सोसत नाही. कारखान्यातल्या पहिल्या चार्जिंगच्या वेळीच द्रवाचा थोडा भाग विघटित होऊन ग्राफाइटवर एक अतिशय पातळ पापुद्रा धरतो, आणि त्यात काही लिथियम कायमचे अडकते. हा पापुद्रा हवाच असतो, कारण तो पुढचे विघटन रोखतो. पण तो पूर्ण अभेद्य नसतो. गाडी चालो वा उभी राहो, तो हळूहळू जाड होत जातो आणि प्रत्येक थरासोबत थोडे लिथियम कामातून जाते. लिथियम कमी म्हणजे क्षमता कमी, आणि पापुद्रा जाड म्हणजे अंतर्गत रोध जास्त. थर जितका जाड तितका पुढचा थर धरायला वेळ लागतो, म्हणून ही झीज स्थूलमानाने काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. पहिल्या वर्षी ४ टक्के घट झाली तर चौथ्या वर्षाअखेर ती ८ टक्क्यांच्या आणि नवव्या वर्षाअखेर १२ टक्क्यांच्या आसपास असते. पहिल्या वर्षीची घट पाहून घाबरलेल्या मालकांना मी हे गणित नेहमी कागदावर मांडून दाखवतो.

उष्णता या सर्व क्रियांचा वेग वाढवते. रसायनशास्त्रातला ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढले की क्रियेचा वेग सुमारे दुप्पट होतो. यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. एखादा पॅक १२ तास २५ अंशांवर आणि १२ तास ४५ अंशांवर राहिला, तर सरासरी ३५ अंश येते आणि झिजेचा वेग दुप्पट असावा असे वाटते. प्रत्यक्षात थंड तासांत वेग एकपट आणि गरम तासांत चौपट असतो, म्हणजे सरासरी अडीचपट पडते. गरम तास थंड तासांनी भरून निघत नाहीत. म्हणून उन्हाळ्यात रोजचे तीन-चार कडक तास टाळता आले तरी त्याचे फळ आपल्याला वाटते त्यापेक्षा मोठे असते.

या विषयातले सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातले आहे. निसान लीफ ही गाडी डिसेंबर २०१० मध्ये बाजारात आली. तिचा २४ युनिटांचा पॅक बंद पेटीत होता. त्याला ना कूलंट होते, ना पंखा. सेल मँगनीजप्रधान होते. डॅशबोर्डवर क्षमतेच्या १२ पट्ट्या होत्या. पहिली पट्टी १५ टक्के क्षमता गेल्यावर विझायची आणि पुढची प्रत्येक सव्वासहा टक्क्यांना. २०१२ च्या उन्हाळ्यात फिनिक्स शहरातल्या मालकांच्या गाड्यांत एकेक पट्टी विझू लागली, आणि तीही गाडी घेऊन जेमतेम दीड-दोन वर्षे होत असताना. कंपनीने काही गाड्या ॲरिझोनातल्याच कासा ग्रांडे येथील आपल्या चाचणी केंद्रात नेऊन तपासल्या. पुढे २०१३ मध्ये ५ वर्षे किंवा ६०,००० मैलांच्या आत पट्ट्या नऊच्या खाली गेल्यास पॅक दुरुस्त करण्याची किंवा बदलून देण्याची क्षमता-हमी जाहीर झाली, आणि २०१५ च्या मॉडेलपासून उष्णता अधिक सोसणारे सेल आले. आज गाड्यांसोबत मिळणाऱ्या क्षमता-हमीच्या मागे फिनिक्सच्या त्या मालकांचा आग्रहही आहे, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते.

तिथे घडले ते असे. उष्णतेत इलेक्ट्रोलाइटमधला लिथियमचा क्षार किंचितशा ओलाव्याबरोबर विघटित होतो आणि आम्ल तयार होते. ते आम्ल धनाग्रातले (अधिक टोकातले) मँगनीज विरघळवते, ते मँगनीज ग्राफाइटवर जाऊन बसते आणि वर सांगितलेला पापुद्रा बिघडवून त्याची वाढ भरमसाट करते. फिनिक्समध्ये जुलैत कित्येक रात्री पारा ३० च्या खाली येत नाही. २०२३ मध्ये तर सलग ३१ दिवस कमाल तापमान ४३.३ अंश किंवा त्याहून अधिक होते. अशा हवेत बंद पेटीतल्या पॅकला दम खायला सवडच मिळत नव्हती. त्याच डिसेंबर २०१० मध्ये अमेरिकेत शेवरले व्होल्ट ही पेट्रोल इंजिनासह येणारी चार्जिंगची गाडीही विकायला आली. तिच्या पॅकमध्ये सेलच्या मधून कूलंट फिरत असे आणि १६ युनिटांपैकी साधारण १० युनिटच वापरायला दिलेले होते. तिच्याबद्दल ॲरिझोनातून तसा गहजब झाला नाही. पॅक कसा थंड केला आणि त्याला पूर्ण भरलेल्या आणि पूर्ण रिकाम्या या दोन्ही टोकांपासून किती दूर ठेवले, यावर सारे अवलंबून आहे. कॅनडातल्या जिओटॅब कंपनीने ६,००० हून अधिक गाड्यांच्या नोंदींचे २०२० च्या सुमारास विश्लेषण केले, तेव्हाही हेच दिसले : २०१५ च्या कूलंटवाल्या टेस्ला मॉडेल एसची वार्षिक घट सरासरी २.३ टक्के होती, तर त्याच वर्षाच्या, कूलंट नसलेल्या लीफची ४.२ टक्के.

विदर्भ म्हणजे फिनिक्स नव्हे. आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, तो एप्रिल-मे आणि जूनचा पहिला पंधरवडा एवढ्या काळात. मृगाचा पाऊस पडला की हवा उतरते आणि पुढे हिवाळ्यात पॅकला चांगली विश्रांती मिळते. वर्षभराचा भार मोजला तर तो फिनिक्सपेक्षा पुष्कळ कमी भरतो. मुंबई-कोकणात इतका कडाका नाही, पण तिथे रात्रीही उकाडा असतो. दमटपणा मात्र सेलपर्यंत पोहोचत नाही, कारण पॅक बंद असतो. तो त्रास बाहेरच्या जोडण्यांना होतो. पुण्याची हवा बॅटरीला बरीच मानवते. शिवाय आपल्या गाडीत कूलंट आहे आणि सेल एलएफपी आहेत, ज्यात मँगनीज-कोबाल्ट नसते. हे रसायन १९९७ मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतून पुढे आले, आणि त्या शोधनिबंधाचे पहिले लेखक अक्षय पाढी हे भारतीय होते.

तरीही एका गोष्टीकडे फार जणांचे दुर्लक्ष होते. कूलंटचा पंप आणि कॉम्प्रेसर बहुतेक गाड्यांत गाडी चालू असताना किंवा चार्जिंग सुरू असतानाच काम करतात. गाडी कुलूप लावून आवारात उभी केली की ही व्यवस्था झोपते. आपली गाडी वर्षातले नव्वद टक्क्यांहून अधिक तास उभीच असते. म्हणजे ज्या वेळी डांबर तापलेले असते आणि खालून धग लागत असते, नेमक्या त्याच वेळी पॅकला कोणी वाली नसतो. मागच्या मे महिन्यात मी एका गाडीच्या ओबीडी सॉकेटला (गाडीची तपासणी करण्याच्या जोडणीला) उपकरण जोडून पॅकच्या सेन्सरचे आकडे दिवसभर टिपले. सकाळी नऊला गाडी उघड्यावर उभी केली तेव्हा सेल ३४ अंशांवर होते. दुपारी दोनला ३९, सायंकाळी पाचला ४३. मालक घरी पोहोचले, गाडी पोर्चमध्ये लागली, आणि रात्री अकराला आकडा अजून ३९ होता. पहाटे पाचला तो ३३ वर आला. तीनशे किलोच्या आसपासचे हे धूड आहे. ते सावकाश तापते आणि त्याहून सावकाश निवते. बॉनेटला हात लावून गाडी थंड झाली असे ठरवणे म्हणजे फसगत आहे.

या उभ्या गाडीच्या झिजेत दुसरा भागीदार आहे तो म्हणजे चार्जची पातळी. पॅक जितका भरलेला, तितके ग्राफाइट आणि धनाग्र दोन्ही रासायनिकदृष्ट्या अधिक अस्वस्थ असतात. बॅटरीच्या व्यवसायात जुन्या कोबाल्ट सेलबद्दलचा एक तक्ता वर्षानुवर्षे वापरात आहे. त्यानुसार ४० टक्के भरलेला सेल २५ अंशांवर वर्षभर नुसता ठेवला तर त्याची क्षमता ९६ टक्के उरते, पूर्ण भरलेला ठेवला तर ८० टक्के. ४० अंशांवर हेच आकडे ८५ आणि ६५ होतात. आजचे गाड्यांचे सेल यापेक्षा कितीतरी टिकाऊ आहेत, तेव्हा हे आकडे आपल्या गाडीला लावू नका. पण त्यातली दिशा आजही तीच आहे. उष्णता आणि पूर्ण चार्ज या दोन्ही एकत्र येतात तेव्हा झीज सर्वाधिक होते.

माझ्या डोळ्यांसमोर नेहमी दोन गाड्या येतात. एकाच मॉडेलच्या, निकेलयुक्त सेलच्या, साधारण एकाच वर्षी घेतलेल्या. एक गाडी एका डॉक्टरबाईंची. घर आणि दवाखाना यांत तीन किलोमीटरचे अंतर, वर्षाकाठी चार-पाच हजार किलोमीटर. अतिशय जपून वापरलेली. पण रोज रात्री १०० टक्के चार्ज, आणि दिवसभर दवाखान्यासमोर पश्चिमेच्या उन्हात. दुसरी भाड्याने चालणारी. लाखभर किलोमीटर कधीच ओलांडलेली, सीट फाटलेल्या, दिवसातून एकदा तरी फास्ट चार्जरवर लागणारी. पण ती क्वचितच भरलेली उभी असे, कारण चार्ज होताच भाड्यावर जाई आणि चालता चालता तिचे कूलंट पॅक थंड ठेवी. दोन्ही पॅक एकाच आठवड्यात तपासले, तेव्हा भाड्याच्या गाडीची क्षमता डॉक्टरबाईंच्या गाडीपेक्षा जास्त भरली. बाईंना ते पटवून देताना मलाच वाईट वाटत होते, कारण त्यांनी गाडीची काळजी घेण्यात काही कसर ठेवली नव्हती. फक्त कशापासून जपायचे हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

किलोमीटरांची भीती बाळगणाऱ्यांसाठी एक साधा हिशेब देतो. आपल्याकडे पुष्कळ गाड्यांना ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी असते. पूर्ण चार्जवर २०० किलोमीटर धरले तर १ लाख ६० हजार म्हणजे ८०० पूर्ण आवर्तने, म्हणजे भरणे-रिकामे होण्याच्या फेऱ्या, झाली. चांगले एलएफपी सेल त्याच्या दुपटीहून अधिक आवर्तने सोसतात. म्हणजे सामान्य कुटुंबाची गाडी आवर्तनांनी थकण्याआधी वयाने थकते, आणि वय वाढण्याचा वेग ऊन ठरवते.

फास्ट चार्जिंगबद्दलही असेच आहे. अमेरिकेतल्या आयडाहो नॅशनल लॅबोरेटरीने फिनिक्समध्येच चार लीफ गाड्या चालवून पाहिल्या. दोन केवळ स्लो चार्जरवर आणि दोन केवळ डीसी फास्ट चार्जरवर. ५०,००० मैलांनंतर दोन्ही जोड्यांची क्षमता सुमारे चौथ्या भागाने घटली होती, आणि जोड्यांमधला फरक जेमतेम काही टक्क्यांचा होता. त्या हवेत मोठा घाव उन्हाचा होता, चार्जरचा नव्हे. म्हणून समृद्धी महामार्गावर मुंबईकडे जाताना दोन वेळा फास्ट चार्ज करावा लागला तर मनाला लावून घेऊ नका. मे महिन्यात ताशी शंभरच्या वेगाने आलेली गाडी चार्जरला लावल्यावर वेग आपोआप कमी झाला, तर ती चार्जरची खोड नसून बीएमएस पॅकला जपत असते. तिला तिचे काम करू द्यावे.

आता आपल्यापुरते सांगतो. आवारात जागा बदलून मिळत असेल तर दुपारी दोन ते पाच या वेळात सावली देणारी जागा मागून घ्या. सकाळचे ऊन चालेल, पश्चिमेचे नको. कडुनिंबाची सावली पत्र्याच्या शेडपेक्षा चांगली, कारण पत्रा तापून धग खाली टाकतो. पत्र्याची शेड चारही बाजूंनी उघडी असेल तर ठीक. शटर लावलेल्या पत्र्याच्या गॅरेजपेक्षा मात्र उघडी जागा बरी. गाडीवर टाकायचे चंदेरी आवरण आतली हवा आणि सीट वाचवते, पॅकला त्याचा फारसा उपयोग नाही, कारण तो तळाशी आहे आणि त्याला डांबराची धग लागते. शक्य असेल तिथे डांबराऐवजी मातीवर किंवा फरशीवर गाडी उभी करा.

चार्जिंगची वेळ अशी लावा की ते निघण्याच्या थोडे आधी संपेल. सायंकाळी घरी येताच गाडी चार्जरला लावण्याची सवय उन्हाळ्यापुरती सोडा. रात्री बारा-एकनंतर सुरू होईल असा टायमर बहुतेक गाड्यांत किंवा चार्जरमध्ये असतो. घरावर सौर पॅनेल असल्यामुळे दुपारी चार्ज करणे ज्यांना परवडते, त्यांनी ते सावलीत आणि स्लो चार्जरवर खुशाल करावे, पण भरलेली गाडी मग उन्हात नेऊन ठेवू नये. आपले सेल एलएफपी असल्याने आठवड्यातून एकदा १०० टक्के चार्ज हवाच, वर सांगितलेल्या हिशेबासाठी. तो शक्यतो ज्या सकाळी लांब जायचे आहे, त्या पहाटे पूर्ण होईल असा करा. बाकीचे दिवस ८० टक्क्यांच्या आसपास पुरत असेल तर तेवढेच ठेवा. ‘एलएफपीला काही होत नाही’ हे ऐकीव मत आहे. निकेलयुक्त सेलच्या गाडीला रोजच्यासाठी ८० टक्केच योग्य. मे महिन्यात पंधरा दिवस गावाला जाणार असाल तर गाडी ४०-५० टक्क्यांवर, सावलीत ठेवून जा. गाडी १०० टक्के भरून, वर चार्जर लावून ठेवून जाणारे लोक मी दर उन्हाळ्यात पाहतो, आणि ते हे सर्व चांगल्या हेतूनेच करतात.

कूलंटकडे मात्र लक्ष द्या, कारण ते जुन्या गाडीत हमखास राहून जाते. एप्रिलच्या आधी कूलंटची पातळी तपासून घ्या आणि रेडिएटर-कंडेन्सर पाण्याच्या हलक्या फवाऱ्याने धुऊन घ्या. यवतमाळकडच्या एका गाडीत पॅकचे तापमान विनाकारण चढत होते. समोरचा बंपर काढला तेव्हा कंडेन्सरच्या पाकळ्यांवर कापसाच्या तुसाची आणि धुळीची गादीच जमलेली होती. मालकाचे घर जिनिंगच्या रस्त्यावर होते. अर्ध्या तासाच्या सफाईनंतर पॅकचा आकडा पाच-सहा अंशांनी खाली राहू लागला. कूलंट मात्र पुस्तिकेत सांगितलेलेच वापरा. कोणत्याही गॅरेजमधले हिरवे पाणी या पॅकमध्ये ओतू देऊ नका, कारण गळती झाली तर वीज न वाहणारे कूलंट आणि साधे कूलंट यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

शेवटी हमीविषयी. आपण दुसरे मालक आहात, म्हणून हमी आपल्या नावावर वर्ग झाली आहे की नाही हे आधी लेखी विचारा; अलीकडे काही कंपन्या देतात ती आजीवन हमी पहिल्या मालकापुरतीच असते. बहुतेक हमीपत्रांत क्षमता साधारण ७० टक्क्यांच्या खाली गेली तरच दावा मान्य होतो, तेव्हा आपल्या कागदावरचा आकडा नीट वाचा. सर्व्हिस सेंटरला ‘बॅटरीचे आरोग्य’ म्हणजे एसओएचचा छापील अहवाल मागा, आणि त्यासोबत सेल-गटांतला सर्वांत जास्त व सर्वांत कमी दाब हेही मागा. एलएफपीमध्ये हे दाब ५० टक्के चार्जवर घेतले तर सारे सेल सारखेच दिसतात आणि दुबळा सेल लपतो. म्हणून ते एकदा पूर्ण चार्जच्या शेवटी आणि एकदा १० टक्क्यांच्या आसपास घ्यायला सांगा. दोन्ही टोकांना एकच गट वेगळा पडत असेल तर तो सबंध पॅकच्या म्हातारपणाचा प्रश्न नसून एका मॉड्यूलचा, म्हणजे पॅकमधल्या सेलच्या एका संचाचा, आहे, आणि मॉड्यूल बदलण्याचा खर्च अख्ख्या पॅकच्या खर्चाच्या जवळपासही जात नाही. सगळे गट एकसारखे आणि सब-मीटरचा हिशेब ८५ टक्क्यांच्या वर येत असेल, तर त्या मेकॅनिकचे म्हणणे विसरून जा, आणि नोव्हेंबरात हवा निवल्यावर तीच चाचणी पुन्हा करून दोन्ही आकडे तारखेसह एका वहीत लिहून ठेवा. पुढे हमीचा दावा करायची वेळ आली किंवा गाडी विकायची झाली, तर ती वही आपल्या बाजूने बोलेल.